समुद्री टँकमधलं लेदर कोरल २० दिवसांपासून बंद, झेनिया वितळून राहिली, पाणी मात्र पेपरवर बरोबर. काय चुकतंय?

खारंपाणी_प्रतापनगर · १९ मे, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसती वाचतेच आहे, लिहितेय पहिल्यांदा, तेव्हा लांबलं तर सांभाळून घ्या.

टँक ३ फुटी, सम्प (खालची फिल्टरची टाकी) धरून साधारण २०० लिटर पाणी, १४ महिने पूर्ण झाले. फ्लॅट नागपुरात प्रतापनगरला पहिल्या मजल्यावर, टँक हॉलमध्ये, खिडकीपासून लांब. मासे तीनच, दोन क्लाउन आणि एक रॉयल ग्रामा. बाकी सगळी सॉफ्ट कोरल्स: एक मोठं टोडस्टूल लेदर (आमचं पहिलं कोरल, मुलाने त्याचं नाव छत्री ठेवलंय), झेनिया, हिरवी जीएसपी (ग्रीन स्टार पॉलिप, गवतासारखं पसरणारं कोरल), झोआच्या (बटणासारखी छोटी कोरल्स) तीन कॉलनी आणि आठ-दहा मशरूम. एप्रिलच्या मध्यापर्यंत इतकं छान चालू होतं की घरी आलेली माणसं चहा थंड करून टँककडे बघत बसायची.

आता काय होतंय ते सांगते. छत्री २० दिवसांपासून बंद. पॉलिप (कोरलची फुलासारखी छोटी तोंडं) सगळे आत, वर दुधाच्या सायीसारखा चकचकीत थर, तो थर मधूनमधून सुटतो आणि परत येतो, आणि आता देठ एका बाजूला कलायला लागलाय. झेनिया आधी मुठी उघडझाप करत असायची ती थांबली, मग आखडली, आणि आता जास्त भिजलेल्या साबुदाण्यासारखी होऊन तिचे तुकडे वेव्हमेकरच्या (पाणी हलवणारा पंप) जाळीला चिकटलेले सापडतात. जीएसपीची फक्त जांभळी चटई दिसते, गवत बाहेर येतच नाही. मशरूम बशीएवढे होते ते रुपयाएवढे झालेत. झोआ सकाळी अर्धवट उघडतात आणि दुपारपर्यंत मिटून जातात.

काल रात्रीच्या टेस्ट: तापमान सकाळी २६.५, दुपारी चारला २८.३. सॅलिनिटी १.०२६. पीएच ८.२, केएच (पाण्यातलं बायकार्बोनेट, क्षारीयता) १०.८, कॅल्शियम ४३०, नायट्रेट १०, फॉस्फेट ०.०८, अमोनिया शून्य. वॉटर चेंज दर १५ दिवसांनी १० टक्के. कसलाही डोस नाही. लाइट पहिल्या दिवसापासून तोच, सेटिंगला हात लावलेला नाही.

जिथून कोरल घेतलं त्यांनी आयोडीन टाका म्हटलं, आठ दिवस टाकलं, काही फरक नाही. नवरा म्हणतो समुद्र इथून आठशे किलोमीटरवर आहे, तू काऊन मागे लागून राहिली. पण मला हे असं सोडायचं नाहीये. प्लीज बघा कोणीतरी.

वऱ्हाडी_निमो · १९ मे, रात्री ११.५८

ताई गरमी आहे ही, दुसरं काही नाही. बाहेर ४५ चालू आहे, आन् अजून नवतपा लागायचाच आहे. २८.३ म्हणजे दुपारचा आकडा तुम्ही पाहिला तेव्हाचा, लाइट गेली असन तर ३० च्या वर पण जात असन, तुम्ही ऑफिसमधी असता तेव्हा कोण पाहून राहिलं? पाणी जास्त तापलं की कोरल आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर फेकते आन् पांढरं पडते, समुद्रात पण तसंच होते, १९९८ ले आपल्या लक्षद्वीप-अंदमानात असंच झालतं.

पंखा लावला का टँकवर? आन् एक गोष्ट लोकांले समजत नाही, त्याच खोलीत कूलर लावला तर पंख्याचा फायदा अर्धा होऊन जाते. पंख्यानं पाणी थंड होते ते उडते म्हणून, आन् कूलरनं हवा आधीच ओली करून ठेवली तर उडन कुठून? माह्याकडे दोन उन्हाळे हेच झालं, कूलर लावला की टँक दीड डिग्री वर.

खारंपाणी_प्रतापनगर · २० मे, सकाळी ७.१५

थँक्स भाऊ. कूलर बेडरूममध्ये आहे, हॉलमध्ये नाही. सम्पवर दोन पंखे आहेत, थर्मोस्टॅटला जोडलेले, आणि टेंपरेचर कंट्रोलर दिवसभरातला सगळ्यात वरचा आकडा धरून ठेवतो, महिन्यात २८.६ च्या वर गेलेलं नाही. पंखे जोरात चालतात, पाणी पण तितकंच उडतं, सध्या उडालेलं भरून काढायला रोज ५ लिटर गोडं पाणी, टॉप-अप, लागतंय. आणि कोणतंच कोरल पांढरं पडलेलं नाही, रंग आहेत, फक्त सगळे आखडलेत.

ठाण्याचा_टँकवाला · २० मे, सकाळी ९.३०

लेदरबद्दल आधी सांगतो कारण नवीन लोक यालाच सगळ्यात जास्त घाबरतात. टोडस्टूल अधूनमधून मिटतं, मेणासारखा थर चढवतं आणि टाकतं, त्याबरोबर त्याच्यावर बसलेलं शेवाळ-घाण निघून जाते. चार दिवस, आठ दिवस, कधी दोन आठवडेसुद्धा. माझं एक तर दर दोन-तीन महिन्यांनी रुसतं आणि नंतर आधीपेक्षा मोठं होऊन उघडतं. अशा वेळी त्याला फक्त एक गोष्ट लागते, पाण्याचा चांगला प्रवाह, म्हणजे साल निघून जाते, नाहीतर त्या सालीखाली सडायला लागतं. वेव्हमेकर थेट त्याच्या तोंडावर नको, पण थर हलला पाहिजे इतपत.

पण तुमच्याकडे एकटं लेदर नाही, सगळेच मिटलेत, त्यामुळे फक्त साल टाकणं म्हणून मी सोडून देणार नाही. दोन गोष्टी विचारतो. एक, कार्बन (पाणी साफ करणारा कोळसा) चालवता का? लेदर आणि त्याच्याच जातकुळीतलं सिन्युलारिया पाण्यात स्वतःची रसायनं सोडतात, शेजाऱ्याला वाढू न देण्यासाठी, लहान टँकमध्ये ती साठतात. आणि आजारी लेदर जास्त सोडतं. दुसरं, सॅलिनिटी कशाने मोजता? काटा हलणारा प्लास्टिकचा हायड्रोमीटर असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका, काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी तो वर उचलला जातो आणि आकडा जास्त दाखवतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन फ्लुइडनेच सेट करा, नुसत्या आरओच्या पाण्याने शून्यावर आणून भागत नाही.

बेसा_बबल्स · २० मे, दुपारी १.०५

पेस्ट कंट्रोल केलं का गेल्या महिन्यात? किंवा घरात डासांचं लिक्विड, अगरबत्ती, धूप? आणि हा प्रश्न विचित्र वाटेल पण कूलरच्या टाकीत काही टाकता का? आमच्याकडे डेंग्यूच्या भीतीने शेजारचे काका टाकीत थोडं रॉकेल ओतायचे, मग कूलर तेच खोलीभर उडवतो. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) हवा ओढतो, म्हणजे खोलीत जे आहे ते टँकमध्ये जाणार.

आणि मी तर म्हणेन एकदा सगळे रॉक बाहेर काढून गरम पाण्यात ब्रशने घासून घ्या, झोआला लागलेली घाण निघेल, फ्रेश स्टार्ट.

रीफकाका · २० मे, दुपारी १.२०

जेवण अर्धवट टाकून लिहितोय. बबल्स, तुझा पहिला प्यारा उत्तम आणि दुसरा अत्यंत धोकादायक. झोआ असलेला दगड गरम पाण्यात कधीही घालायचा नाही, बाहेर काढून ब्रशने घासायचा नाही. झोआ-पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक. वाफेतून किंवा उडालेल्या थेंबातून ते नाका-डोळ्यांत जातं, आणि दगड उकळल्यामुळे घरची सगळी माणसं दवाखान्यात भरती झाल्याच्या घटना परदेशात नोंदलेल्या आहेत. झोआला हात लावताना हातमोजे, कापताना चष्मा, हाताला जखम असेल तर हातच घालायचा नाही. माझा नातू टँकपाशी आला की मी आधी त्याचे हात बघतो.

आता ताई, तुमच्याकडे येतो. तुमच्या आकड्यांमध्ये एक आकडा मला दिवसभर खटकतोय. केएच १०.८. तुम्ही म्हणता कसलाही डोस नाही. मग हा आला कुठून? सॉफ्ट कोरल कॅल्शियम-केएच फार खात नाहीत हे खरं, पण मग तो जिथल्या तिथे राहील किंवा थोडा उतरेल, आपोआप चढणार नाही. तुम्ही वही ठेवणाऱ्या वाटता. फेब्रुवारीत केएच किती होता ते बघून सांगा.

आणि तुम्ही माशांची नावं दिली, कोरलची दिली. गोगलगायी, झिंगे, खेकडे यांचं काहीच लिहिलं नाही. टँकमध्ये होते का? आणि असले तर आज आहेत का?

खारंपाणी_प्रतापनगर · २० मे, रात्री ९.४५

काका, वही काढली. ११ फेब्रुवारी केएच ८.३. १५ मार्च ८.५. १२ एप्रिल ९.६. आणि आता १०.८. मी प्रत्येक वेळी "ओके" लिहून बरोबरची खूण केलीय कारण प्रत्येक आकडा एकटा बघितला तर ठीकच वाटत होता.

आणि हो, झिंगा. एक क्लीनर श्रिंप होता, तो ३० एप्रिलला सकाळी मेलेला सापडला, कात टाकताना अर्ध्यातच अडकला होता. आयोडीन कमी म्हणून तसं होतं असं कुठेतरी वाचलं होतं, म्हणून तर आयोडीन टाकलं. टर्बो गोगलगायी पाच होत्या, तीन गेल्या. मला वाटलं काचेवर शेवाळ कमी आहे म्हणून उपाशी मेल्या. उरलेल्या दोन काचेवर चढतच नाहीत, वाळूवर उलट्या पडतात, मी सरळ करते, परत पडतात. मासे एकदम मस्त, क्लाउन तर अंडी घालायच्या तयारीत आहेत. म्हणून गोगलगायींचं काही मनावरच घेतलं नाही.

पेस्ट कंट्रोल नाही, रॉकेल नाही, अगरबत्ती सासूबाई देवघरात लावतात पण ती चौदा महिन्यांपासून लावताहेत. हायड्रोमीटर काट्यावालाच आहे, उद्या रिफ्रॅक्टोमीटर मागवते. कार्बन दोन महिन्यांपूर्वीचं आहे, बदलते.

रीफकाका · २० मे, रात्री १०.१०

मासे मस्त, गोगलगायी उलट्या, झिंगा कात टाकताना गेला, कोरल सगळी मिटलेली पण पांढरी नाहीत. आणि केएच मार्चनंतर चढायला लागला. मला आता एकच गोष्ट सांगा, टॉप-अपचं आणि सॉल्ट कालवायचं पाणी कुठलं? आणि मार्चमध्ये त्यात काही बदललं का?

खारंपाणी_प्रतापनगर · २० मे, रात्री १०.३१

घरचा आरओ. पिण्याचाच. आधीचा जुना झाला म्हणून मार्चच्या मध्याला, गुढीपाडव्याच्या ऑफरमध्ये नवीन घेतला.

आत्ता उठून स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. समोरच मोठ्या अक्षरात लिहिलंय. कॉपर.

काका हे तेच आहे का?

वऱ्हाडी_निमो · २० मे, रात्री १०.३४

अरे बाप रे

रीफकाका · २० मे, रात्री ११.२५

बहुतेक तेच. खात्री पटायला अजून दोन पायऱ्या आहेत, पण आज रात्रीपासून त्या आरओचा एक थेंबही टँकमध्ये नको.

नीट समजावून सांगतो, कारण ही गोष्ट आपल्या भागात अजून बऱ्याच घरांत चालू असणार. हल्लीच्या पिण्याच्या आरओमध्ये मेम्ब्रेनच्या पुढे दोन-तीन उद्योग केलेले असतात. एक, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर. मेम्ब्रेनने गाळलेलं पाणी फारच हलकं लागतं म्हणून एका छोट्या नळीतून गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी मिसळतात, म्हणजे चव येते. दुसरा, मिनरलचा कार्ट्रिज. आणि तिसरा, कॉपरचा, तो मुद्दाम पाण्यात तांबं सोडतो. माणसासाठी यात काही गैर नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात कॉपर लिटरमागे ०.०५ मिलिग्रामपर्यंत हवं आणि दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. माशांना खाज-ठिपक्यांचा रोग झाला की वेगळ्या टाकीत कॉपरचं औषध देतात, त्यात आयनिक कॉपर ०.१५ ते ०.२० मिलिग्राम ठेवतात. तेवढ्यात मासा बरा होतो आणि गोगलगाय, झिंगा, कोरल जगत नाही. म्हणून तर ते औषध मेन टँकमध्ये द्यायचं नाही असं पहिल्या दिवशी शिकवतात. गंमत बघा, झिंग्याचं रक्तच तांब्यावर चालतं, आपलं लोखंडावर चालतं तसं, पण बाहेरून जास्त आलं की तेच मारतं.

आता तुमचा हिशोब. रोज ५ लिटर उडतं असं तुम्ही निमोला उत्तर देताना सहज लिहून गेलात, मी तिथेच थांबलो होतो. मार्चमध्ये कमी असेल, सरासरी साडेचार धरू. मार्चच्या मध्यापासून आजपर्यंत ६५ दिवस, म्हणजे जवळपास ३०० लिटर. तुमचा टँकच २०० चा आहे. उडतं ते निव्वळ पाणी उडतं, त्यात विरघळलेलं सगळं मागे राहतं. समजा त्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्राम कॉपर असेल, तर ३०० लिटरमधलं ३० मिलिग्राम तुमच्या २०० लिटरमध्ये येऊन बसलं, म्हणजे ०.१५. औषधाच्या डोसएवढं. काही भाग दगड-वाळूत मुरला असेल म्हणून गोगलगायी अजून दोन तरी आहेत. आणि वॉटर चेंजनेही काही कमी झालं नाही, कारण नवं सॉल्ट पण त्याच पाण्यात कालवलं.

केएचचं कोडं पण इथेच सुटतं. टीडीएस कंट्रोलरने आलेलं बायकार्बोनेट रोज ५ लिटरनं आत. मुंबईच्या दमट हवेत दिवसाला एक-दीड लिटर उडतं, तिथे हेच मशीन लावलं असतं तर दिवाळीपर्यंत कळलं नसतं. नागपूरच्या उन्हाळ्यात दोन महिन्यांत कळलं.

टीडीएस मीटर असेल तर त्या नळाचं पाणी मोजा आणि सांगा.

खारंपाणी_प्रतापनगर · २१ मे, सकाळी ६.५०

मीटर शेजारच्यांकडून आणला. नवीन आरओ ८५. बिना गाळलेला नळ २१०. जुन्या आरओचं वहीत लिहिलेलं होतं, १४.

बसवणारा मुलगा म्हणालेला आठवतंय, "मॅडम गोड पाणी येईल असं सेट करून देतो". आणि कॉपरवालं मॉडेल सासूबाईंच्या आग्रहाने घेतलं, त्या आयुष्यभर रात्री तांब्याच्या लोट्यात ठेवलेलं पाणी सकाळी प्यायल्यात. त्यांना आता सांगितलं तर त्यांचा चेहरा इतका पडला. मी म्हटलं आई, तुम्ही प्या, छत्रीला नको फक्त.

मानेवाडा_मरीन · २१ मे, सकाळी ८.२०

मला आता एक कबुली द्यायची आहे. माझ्याकडे डीआय युनिट (उरलेले क्षार रेझिनने काढणारा डबा) आहे, पाणी शून्य टीडीएसचं निघतं, आणि मी ते टॉप-अपसाठी आजीच्या तांब्याच्या कळशीत भरून ठेवतो कारण बादल्या सगळ्या आईने नेल्या. दोन महिने झाले. माझी जीएसपी पण नीट उघडत नव्हती. आत्ता कळशी रिकामी करून आलो.

रीफकाका · २१ मे, सकाळी ८.४०

शुद्ध पाणी तर जास्तच भुकेलं असतं बाळा, भांड्यातून ओढून घेतं. कळशी देवघरात ठेव. टँकसाठी फक्त फूड-ग्रेड प्लास्टिक. टँकजवळ पितळी तोटी, पितळी जोडणी पण नको.

ठाण्याचा_टँकवाला · २१ मे, सकाळी १०.०५

काका भारी पकडलंत. कॉपर टेस्ट किट घेऊन बघा म्हणणार होतो, पण हॉबी किट फार कमी मात्रेला शून्यच दाखवतात, त्यामुळे शून्य आलं तरी ताईंनी निर्धास्त होऊ नये. त्यापेक्षा पॉलीफिल्टर टाका. पांढरा पॅड असतो, तो जे शोषतो त्याप्रमाणे रंग बदलतो, कॉपर असेल तर निळसर पडतो. टेस्टही होते आणि उपायही. क्युप्रीसॉर्ब (कॉपर शोषणारं रेझिन) मिळालं तर तेही चालेल.

रीफकाका · २१ मे, दुपारी २.३०

बरोबर. ताई, आता क्रम सांगतो, घाई करू नका.

पाण्याची सोय आधी. आरओच्या माणसाला बोलवा आणि म्हणा, मेम्ब्रेनमधून बाहेर येणाऱ्या नळीवर, सगळ्या चवीच्या कार्ट्रिजच्या आणि त्या कंट्रोलरच्या आधी, एक टी-जोड टाकून दे. तिथून वेगळी नळी काढा आणि तिला मिक्स्ड-बेड रेझिनचा डीआय डबा जोडा. स्वयंपाकघरात सासूबाईंचं पाणी तसंच राहील, टँकचं वेगळं. तुमच्या २१० च्या नळाला मेम्ब्रेननंतर १२-१५ यायला हवं आणि डीआयनंतर शून्य. रंग बदलणारं रेझिन घ्या, संपत आलं की डोळ्यांना दिसतं. बोअरवेलवाल्यांचं वेगळं आहे, त्यांचं पाणी ७००-८०० चं असतं, मेम्ब्रेननंतरही ५०-६० राहतं आणि रेझिन महिन्यात बसतं. तुम्ही पेंच धरणाच्या नळावर आहात, भाग्यवान आहात. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर कॅनमध्ये मिळतं ते चार दिवस अडीअडचणीला चालेल पण मीटरने शून्य बघूनच घ्या, मला एकदा ३० चं निघालं होतं.

मग वॉटर चेंज. अर्धा टँक एकदम बदलू नका, आजारी कोरलला पाण्यातला मोठा फरक सोसत नाही. दर तिसऱ्या दिवशी ३० लिटर, पाणी २४ तास आधी कालवून, टँकच्याच तापमानाला आणून. सॅलिनिटी रिफ्रॅक्टोमीटरने आली आणि कमी निघाली तर दिवसाला ०.००१ पेक्षा जास्त चढवायची नाही. नवीन कार्बन, आठवड्याला बदलायचं. पॉलीफिल्टर सम्पमध्ये, पाणी त्यातूनच जाईल असा घट्ट बसवा.

आयोडीन बंद. कोणतीही बाटली नको. लाइट थोडा खाली आणा आणि तिथेच ठेवा. छत्रीच्या देठावर काळा-तपकिरी, वास मारणारा भाग दिसला तरच धारदार ब्लेडने निरोगी मांसापर्यंत कापायचं, नाहीतर हात लावू नका. झेनियाचं वितळलेलं मात्र रोज सायफनने ओढा, तिथे अमोनिया होईल.

आणि दगड-वाळूत मुरलेलं कॉपर हळूहळू परत सुटत राहतं, तेव्हा आठ दिवसांत उघडलं नाही म्हणून रडू नका. दोन महिने कोणतीही नवीन गोगलगाय, झिंगा, कोरल आणायचं नाही.

वऱ्हाडी_निमो · २१ मे, दुपारी ३.००

काका मी गरमी गरमी करून राहिलो होतो, माफी असू द्या. पण पंख्याची गोष्ट खरी होती माही.

रीफकाका · २१ मे, दुपारी ३.१२

तुझ्यामुळेच ५ लिटर कळले रे. आणि कूलरचं तू सांगितलंस ते सोळा आणे खरं आहे.

खारंपाणी_प्रतापनगर · २ जून, रात्री १०.००

अपडेट. रिफ्रॅक्टोमीटर आला, खरी सॅलिनिटी १.०२३५ निघाली, हायड्रोमीटर १.०२६ च सांगत होता, ठाण्याचे दादा बरोबर होते. हळूहळू १.०२५ वर आणली. आरओवाला दोनदा आला, पहिल्यांदा म्हणाला असं कोणी करत नाही, वॉरंटी जाईल. दुसऱ्यांदा त्याला टँकसमोर बसवलं आणि चहा दिला, मग स्वतःच म्हणाला कुठे टी टाकू ते दाखवा. मेम्ब्रेननंतर १३, डीआयनंतर शून्य.

पॉलीफिल्टर चौथ्या दिवशी बाहेर काढला. कडा तपकिरी आणि मधोमध निळसर-हिरवट. मुलाने तो स्वयंपाकघरात नेऊन आजीला दाखवला, "हे बघ तुझं पाणी". मी त्याला ओरडले, पण फोटो काढून ठेवलाय.

एक टर्बो गेली. एक आज सकाळी काचेवर अर्ध्यापर्यंत चढलेली होती. चार बोटं उंच असेल, पण स्वतःहून.

कोरलमध्ये अजून काही नाही. झेनिया जवळजवळ संपली.

बेसा_बबल्स · २ जून, रात्री १०.२०

ताई धीर धरा. आणि काका, त्या गरम पाण्याबद्दल थँक्स, मी खरंच पुढच्या रविवारी माझे दगड काढणार होतो.

डीपब्लू_इतवारी · ५ जून, दुपारी १२.४५

सॉफ्ट कोरलच्या भानगडीत कशाला पडता, एक ओळखीचा आहे, अॅक्रोपोरा (दगडी कोरल) आणि सी फॅन समुद्रातून काढलेले स्वस्तात आणून देतो. कोणाला हवे असल्यास सांगा.

रीफकाका · ५ जून, दुपारी १.३०

नको. दगडी कोरल, काळं कोरल, ऑर्गन पाइप, सी फॅन, हे सगळं वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ सालीच पहिल्या शेड्यूलमध्ये घेतलंय, वाघाच्या रांगेत. आपल्या समुद्रातून काढून विकणं गुन्हा आहे आणि घरात सापडलं तर तुम्हीही त्यात. इथे असलं पुन्हा टाकू नका.

खारंपाणी_प्रतापनगर · ११ जुलै, रात्री ९.१५

खूप दिवसांनी. पाऊस सुरू झाल्यावर पाणी उडणं दोन लिटरवर आलंय, केएच ८.९ ला येऊन थांबला.

सगळ्यात आधी जीएसपी आली. १४ जूनला सकाळी चटईच्या एका कोपऱ्यात पाच-सहा हिरवे तंतू, आणि चार दिवसांत अर्धी चटई. मग मशरूम. झोआच्या तीनपैकी एक कॉलनी गेली, दोन आहेत. छत्री मात्र बसूनच होती, मी कापायचं ब्लेडही आणून ठेवलं होतं, देठाच्या एका बाजूला काळं दिसायला लागलं म्हणून. मग २७ जूनला एक जाड थर निघाला, पूर्ण टोपीचा, मोज्यासारखा उलटा होऊन, आणि खाली तो काळा भाग नव्हताच, तो थरावरचाच मळ होता. परवा पॉलिप बाहेर आले. सगळे नाही, कडेकडेचे, पण मुलगा शाळेतून आला आणि दप्तर न काढता टँकसमोर बसला.

दुसरा पॉलीफिल्टर तपकिरीच राहिला, निळा नाही. उरलेली टर्बो रात्री काचेच्या वरच्या कडेपर्यंत जाते.

झेनियाचा एक हिरवट ठोंब आहे दगडावर, नखाएवढा, तो जिवंत आहे की नाही कळत नाही. कोणाकडे झेनियाचा फ्रॅग (लावायला तुकडा) मिळेल का? मला माहितीय, लोक ती काँग्रेस गवतासारखी उपटून फेकतात.

मानेवाडा_मरीन · ११ जुलै, रात्री ९.४०

माझ्याकडे मागच्या काचेवर नुसती झेनियाच झालीय. रविवारी मेडिकल चौकात भेटू, डबा घेऊन या. प्लास्टिकचा.

रीफकाका · ११ जुलै, रात्री १०.०५

२१ जुलैपर्यंत थांबा. दोन महिने म्हटलं होतं ना.

खारंपाणी_प्रतापनगर · ११ जुलै, रात्री १०.०८

हो काका. मरीन, २१ च्या पुढच्या रविवारी.